पाखाडीची मोकळी बाजू

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस विचारतो, "तुम्ही काय करत होता?" आणि माझी पंचाईत होते. इंजिनियर म्हटलं तर तो पडलेल्या पुलांचा जाब मला विचारतो. सल्लागार म्हटलं तर मुलाच्या नोकरीबद्दल सल्ला मागतो. खरं सांगायचं तर मी आयुष्यभर रस्त्याच्या कडेला बसून माणसं मोजली. हे खरं उत्तर मी एकदाच दिलं. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाढप्याला सांगून मला जास्तीची जिलेबी वाढायला लावली.

धंदा असा. रत्नागिरीच्या कडेला कुठे नवी वसाहत व्हायची असली की बिल्डरला नगरपरिषदेला एक अहवाल द्यावा लागतो. इतकी घरं झाली तर किती गाड्या निघतील, कुठल्या वळणावर अडतील, शाळेची रिक्षा कुठे थांबेल, पायी जाणाऱ्याने कुठून जायचं. हा अहवाल आम्ही करायचो. आम्ही म्हणजे मी आणि सलीम. सलीम सर्व्हेयर, खाडीपलीकडच्या गावातला. वडील जहाजावर, भाऊ कुवेतला, हा एकटाच जमिनीवर राहिला आणि जमीन मोजत बसला. माझ्याच वयाचा, माझ्याहून कमी बोलणारा. माझ्याहून जास्त बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय, ती गोष्ट वेगळी.

मोजायला आमच्याकडे क्लिकर असतो. मुठीत मावणारं यंत्र, वर अंगठ्यासाठी बटण. माणूस गेला की दाबायचं, आकडा एकाने पुढे सरकतो. वर्षानुवर्षं हे केलं की डोळा बघतो आणि अंगठा दाबतो, मधे डोकं लागत नाही. माझ्या बाबतीत ते कुठेच लागत नाही, असं आमच्या घरातून मत आहे. पुतण्याच्या मुलीच्या बारशाला बायका पाळण्याखालून बाळ देत-घेत होत्या आणि मी कोपऱ्यात बसून दर देवघेवीला अंगठा दाबत होतो. हातात क्लिकर नव्हता. बायकोने चिमटा काढला तेव्हा थांबलो.

आता माझी कीर्ती सांगतो, कारण पुढे ती कामाला येणार आहे. गावाबाहेरच्या एका चढावर मी बसथांबा सुचवला. घरं मोजली, अंतरं मोजली, थांबा अगदी मधोमध आणला. चढ मोजायचा राहिला. भरलेली बस तिथे थांबली की पुन्हा हलायला तयार नाही. मग ड्रायव्हर लोक थांबा दिसला की वेग वाढवायला लागले. प्रवासी वरच्या वडाखाली उभे राहायचे. शेड रिकामी, तिच्यात एक गाय येऊन बसायला लागली, पुढे तिला वासरूही झालं. त्या शेडला आजूबाजूचे लोक 'पाध्यांचा गोठा' म्हणतात. पाध्ये म्हणजे मी.

तर हे काम माझं शेवटचं. समुद्राच्या बाजूला एक मोठा सडा आहे. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्याचं पठार, वर गवत, खाली कातळ. त्या सड्यावर वसाहत होणार होती. सड्याच्या उतरणीला एक मच्छीमारांची वाडी आणि वाडीपासून खाली जेटीपर्यंत उतरणारी पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्यांची जुनी वाट. वसाहतीची जागा या वाटेच्या समुद्राकडच्या कडेपर्यंत उतरत आली होती. शहराची हद्दवाढ होणार होती, त्यात सडा, वाडी आणि पाखाडी सगळं ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत यायचं होतं. म्हणजे पाखाडीलाही शहराचे नियम लागणार. वाडीतून जेटीकडे डांबरी रस्ताही होता, पण तो डोंगराला लांबलचक वळसा घालून जाणारा, त्यावर चिऱ्यांचे डंपर दिवसभर धावायचे. त्यामुळे वाडीतली सगळी माणसं पाखाडीनेच चढत-उतरत.

पहिल्यांदा गेलो ते दिवाळीनंतरच्या एका दुपारी. टेप घेऊन पाखाडीच्या मधोमध उतरत होतो. खालून मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका येत होत्या. सगळ्यांच्या पुढे साठी ओलांडलेली, काटक बाई.

"ओ टोपीवाले, कडेला व्हा!"

मी सभ्य माणूस, लगेच समुद्राकडच्या कडेला झालो. बाई थांबली. मागच्या सगळ्या थांबल्या.

"तितं नको. हिकडं या, डोंगराच्या अंगाला."

"तुम्ही जा ना, बाई. भरपूर जागा आहे."

"जागा मला नकोय." तिने आवाज खाली आणला. "जेवणवेळ झाली. हिकडं या बगू."

मी पलीकडे गेलो. सगळ्या बायका डोंगराकडच्या कडेला, एकीमागे एक, पाठ कातळाला लावून उभ्या. समुद्राकडची निम्मी पाखाडी मोकळी. मी खाली पाहिलं. जेटी, होड्या, चकाकणारं पाणी, वर येणारं कुणी नाही. उन्हात बसलेल्या माणसाच्या पुढून कुणी गेलं तर क्षणभर सावली पडते, तसं काहीतरी माझ्या तोंडावरून गेलं. मग आणखी एकदा. घार असेल म्हणून मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

"चला गो," बाई म्हणाली, आणि टोपल्या पुन्हा हलल्या.

ही काशीआते. वाडीत तिला सगळे आतेच म्हणतात, म्हणून मीही.

वर वाडीत पोचलो तेव्हा घसा सुकला होता. घराघरांची दारं उघडी, आत माणसं जेवत असावीत. काही घरांच्या पायरीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवलेला. मला वाटलं, काय हे अगत्य! चढून येणाऱ्यासाठी पाणी! मी पहिल्या पायरीवरचा तांब्या उचलला आणि वरून घटाघट ओतलं.

पाणी खारट होतं.

पाहतो तर सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. जेवता जेवता हात थांबलेले. एका म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. सलीम मागून येत होता, तो डोक्याला हात लावून तिथेच उभा राहिला.

"तुमच्या विहिरीला खारं पाणी लागतं का हो?" मी विचारलं. एवढ्या शांततेत काहीतरी बोलायला हवं म्हणून.

काशीआते टोपली उतरवत होती. "भरताना गोडं असतं," ती म्हणाली.

मग मला हाताला धरून तिने आपल्या घरी नेलं. तिच्या पायरीवर तांब्या नव्हता. आतल्या मडक्यातलं पाणी दिलं, ते गोडं होतं, पण माझी जीभ खारटच राहिली.

"ते पाणी तुज्यासाटी नव्हतं रे," ती म्हणाली. 'टोपीवाले' संपलं होतं, मी 'रे' झालो होतो. "जे समुद्रावरनं परत नाय आले तेंचं ते. जेवणवेळेला घरी येतात. तहानलेले असतात."

"आणि तुमच्या दारात कसा नाही तांब्या?"

मी असे प्रश्न विचारतो. कुणीतरी माझ्यासाठी पेन्शनबरोबर तोंडाला कुलूपही मंजूर करायला हवं होतं.

"माज्या घरचं कोण गेलंय?" आते म्हणाली. "पोरगा माजा, दत्ता, गल्फच्या बोटीवर हाय. फोन येईनासा झाला म्हणून काय माणूस गेलं? लोक म्हणतात, ठेव गो तांब्या. मी नाय ठेवत. जिता हाय तो. येईल तेवा पाखाडीनंच येईल. तेला दुसरी वाट ठावं नाय."

हे सगळं मी ऐकलं. दोन आणि दोन चार करणं हा माझा धंदा. पण तांब्याची गोष्ट मी एका खिशात ठेवली, पाखाडीची मोकळी बाजू दुसऱ्या खिशात, आणि दोन्ही खिशांत हात घालून शिट्टी वाजवत ऑफिसात परत आलो.

मग मोजणी. आमच्या शास्त्रात एक गोष्ट असते, वापरातली रुंदी. वाट कितीही रुंद असो, माणसं जेवढ्या भागातून चालतात तेवढीच खरी. बाकीची वाया. पाखाडीवर मी दोन मुठींत दोन क्लिकर घेऊन बसलो, एक डोंगराच्या बाजूसाठी, एक समुद्राच्या. डोंगराकडचा दिवसभर टकटकत होता. बायका, शाळेची पोरं, जाळी खांद्यावर घेतलेले पुरुष, दारू प्यालेला एकजण, तोसुद्धा तोल सावरत डोंगराच्याच बाजूने. समुद्राकडचा क्लिकर मुका. जेवणवेळेला तेवढा मी डबा खायला वर गेलो होतो. मला आनंद झाला. अहवालात असं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. निम्मी रुंदी वापरात नाही, तर निम्मी पुरे. उरलेली निम्मी वसाहतीच्या कंपाउंडमध्ये गेली की समुद्रासमोरचे प्लॉट तेवढे मोठे होतात आणि बिल्डर खूश होतो.

वाडीतल्या लोकांना विचारून घेतलं, हेही मोठ्या कौतुकाने सांगतो. "समुद्राकडच्या बाजूने कुणी चालतं का?"

"आमी नाय चालत," सगळे म्हणाले.

सलीमने मसुदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ती बाजू सोड, पाध्ये."

"कारण सांग, लिहितो."

"लिहिता येईल असं कारण नाही. आमच्या गावातल्या पाखाडीवर पण आम्ही ती बाजू सोडतो. अब्बा सोडायचे म्हणून मी सोडतो."

"सलीम, तू सर्व्हेयर आहेस."

"म्हणून तर सांगतो. जागा भरलेली आहे."

मी हसलो. आता हसत नाही.

हरकतींची सुनावणी झाली. हद्दवाढीवर गावोगावच्या लोकांनी भरपूर आरडाओरडा केला. घरपट्टी वाढणार, पाणी येणार नाही, शहरात जायचं तर शहराने आधी गटारं बांधावीत. पाखाडीचा विषय निघाला तेव्हा वाडीची माणसं गप्प. अधिकाऱ्यांनी आतेला विचारलं, "बाई, पाखाडी निम्मी होतेय. तुमची हरकत?"

"आमची कसली हरकत? ती बाजू आमची नायच."

'हरकत नाही' अशी नोंद झाली. जाताना आते माझ्या खुर्चीपाशी थांबली. "तू पाणी प्यायलायस," एवढंच म्हणाली. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणाला भलताच अर्थ लागायला नको म्हणून.

उन्हाळ्यात भिंत उभी राहिली. समुद्राकडची निम्मी पाखाडी आत गेली. वाडीची माणसं मी पाहिली होती तशीच चालत राहतील, त्यांची बाजू तर शाबूत होती. मी निवृत्तीच्या तयारीला लागलो. अहवाल स्वीकारला गेला की आम्ही परत तिथे फिरकत नाही. डॉक्टर स्मशानात जात नाहीत, त्याच कारणाने.

श्रावणात बिल्डरच्या इंजिनियरचा फोन आला. तरुण, उत्साही गृहस्थ, घाटावरचे.

"पाध्येसाहेब, तुमच्या पाखाडीवर आता कुणीच चालत नाही! भिंत झाल्यापासून एकही माणूस नाही. तुम्ही एक फेरमोजणी करून शून्य लिहून द्या, उरलेला पट्टापण आत घेऊन टाकतो. क्लबहाऊसला जागा होते."

"मग वाडीचे लोक जातात कुठून?"

"डांबरी रस्त्याने. लांब पडतं, पण ऐकत नाहीत. परवा एका म्हातारीला डंपरचा धक्का लागला. म्हणून तर म्हणतो, त्यांना पाखाडी नकोच आहे."

मी कुठली म्हातारी ते विचारलं नाही. मला कळलं होतं.

आते ओटीवर बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये. मासळी रस्त्यावर सांडली त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

"काय रे मोजणीवाल्या, गोठा कसा हाय तुजा?"

"गोठा बरा आहे. आते, तुमची बाजू आम्ही ठेवली होती ना? मग चालत का नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतले मास्तर आठवले.

"एका माणसाची वाट उरली. त्यात दोगं कसे मावणार? आमी बाजूला झालो. आमाला डांबरी रस्ता हाय. तेंना दुसरी वाट नाय."

माझे दोन खिसे त्या क्षणी एक झाले.

"आणि उरलेलीपण बंद केली तर?" मी विचारलं. "ते शून्य मोजून मागतायत."

आतेने प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "माजा दत्ता कुठनं येईल रे मग?"

फेरमोजणीला सलीम आणि मी सकाळीच गेलो. पावसाने उघडीप दिली होती, ऊन स्वच्छ. सलीम म्हणाला, तो वर पाखाडीच्या तोंडाशी बसेल, मध्ये बसणार नाही. मी मधल्या वळणावर बसणार होतो. उतरताना भिंतीला धरून, एकेक पाय जपून टाकत होतो. ज्यांना कोकणातला पाऊस ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. जांभ्यावर पाऊस पडला आणि माणसाचा पाय पडला नाही, तर पंधरवड्यात हिरवंगार शेवाळ चढतं, आणि त्यावरून पाय गेला की माणूस थेट जेटीवर. ही वाट तर भर पावसाळ्यात ओस पडलेली.

चार पायऱ्या उतरल्यावर लक्षात आलं, पाय घसरत नाही.

खाली वाकून पाहिलं. पायऱ्यांच्या कडा हिरव्या, भिंतीचा पाया हिरवा, डोंगराचा कातळ हिरवा. पायऱ्यांचा मधला भाग मात्र लालभडक, घासल्यासारखा स्वच्छ. खालपर्यंत तसाच. मला माझे हिवाळ्यातले फोटो आठवले. तेव्हा शेवाळ वाळून काळं पडतं. मोकळ्या बाजूच्या पायऱ्या त्या फोटोंत काळ्या नव्हत्या. माझ्या डोळ्यांनी ते तेव्हाच पाहिलं होतं.

मी वळणावर बसलो. पाठ कातळाला. क्लिकर शून्यावर आणून मुठीत धरला. सकाळभर कुणी आलं नाही. एक खंड्या येऊन भिंतीवर बसला आणि उडाला. खालून होड्यांच्या इंजिनांचा आवाज यायचा, तोही हळूहळू थांबला. जेवणवेळ होत आली तसा वारा पडला. समुद्र तर समोर होता, पण त्याचा आवाज कुणी दार लावून घ्यावं तसा बंद झाला.

खालून वाडीतला एक लाल कुत्रा येत होता. दुडक्या चालीने, मासळी खाऊन खूश. माझ्या खाली थोड्या पायऱ्यांवर तो थांबला. मागे वळून पाहिलं. मग शेपूट पायांत घालून डोंगराच्या कातळाला चिकटला, इतका की त्याची बरगडी न् बरगडी कातळाला लागली. गुरगुरला नाही, भुंकला नाही. मोठ्या माणसांना वाट देताना शहाणं पोर उभं राहतं तसा उभा. त्याची मान हळूहळू वळत होती. खालून वर, माझ्याकडे, माझ्या पलीकडे. मग परत खाली, परत वर.

मी पाय पोटाशी घेतले. का घेतले ते सांगता येत नाही. कुणाच्या पायात यायला नको, एवढंच मनात होतं. तोंडावरून सावली जात होती, परत जात होती. ओल्या जाळ्याचा वास आला. वर बघायचं नाही, असं ठरवलं आणि पायरीवरच्या लाल मातीकडे बघत राहिलो. रामरक्षा आठवायला गेलो तर पहिल्या ओळीनंतर वाहतुकीच्या खुणांचे नियम आठवायला लागले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. कुत्र्याने अंग झाडलं आणि माझ्यापुढून दुडक्या चालीने वर गेला. होडीचं एक इंजिन सुरू झालं. वारा आला.

सलीम वरून खाली आला. कातळाच्या कडेकडेने.

"झालं?"

"झालं. शून्य," मी म्हटलं आणि मूठ उघडली.

अंगठा बटणावरच होता. आकडा शून्य नव्हता.

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. बायकोलाही सांगितलेला नाही. माझा डोळा मातीकडे होता, डोकं वाहतुकीच्या खुणांत होतं, आणि अंगठा आपलं काम करत बसला होता.

सलीमने क्लिकर हातात घेतला, बघितला आणि पायरीवर बसला. कडेला.

"वाडीतले न परतलेले किती, मला माहीत आहे," तो म्हणाला. "तांब्ये मोजलेत मी. तू नाही मोजलेस, तू प्यालास."

"मग? जुळतं?"

"एक जास्त आहे."

आम्ही दोघांनीही वर पाहिलं. वर वाडीत काशीआतेचं कौलारू घर दिसत होतं. दार उघडं, पायरी मोकळी.

अहवालात मी शून्य लिहिलं नाही आणि क्लिकरचा आकडाही लिहिला नाही. मी एवढंच लिहिलं की भर श्रावणात पायऱ्यांवर शेवाळ नाही, सबब वाट नियमित व पुरेशा वापरात आहे, आणि उरलेली रुंदी अपुरी पडत असल्याने पाखाडी मूळ रुंदीला आणावी. सोबत फोटो. आयुष्यात मी लिहिलेलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य. नगरपरिषदेचे अधिकारी पाहणीला आले. त्यांनी बुटाचं टोक पायरीवर घासून पाहिलं, मग भिंतीलगतच्या हिरव्यावर घासलं आणि घसरता घसरता वाचले. ते इथलेच होते. भिंत मागे घ्यायचा आदेश त्यांनी तिथेच उभ्याने दिला आणि जेवणवेळेच्या आत निघून गेले.

बिल्डरचा इंजिनियर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मी रोज इथे असतो. कुणी चालत नाही हो! मग हे कोण चालतं?"

"मला मोजायला सांगितलंय," मी म्हटलं. "ओळखायला नाही."

तो हसला. मग पायऱ्यांकडे पाहिलं आणि हसणं अर्धवट सोडलं.

दसऱ्याच्या आधी भिंत मागे गेली. वाडीची माणसं दुसऱ्याच दिवशी पाखाडीवर परतली, डोंगराच्या बाजूने, एकामागे एक. मी निरोप घ्यायला गेलो होतो. आता शहराच्या हद्दीत आलेल्या त्या वाडीत काहीही बदललं नव्हतं, पाण्याच्या बिलावरचं नाव सोडून. आतेचा हात प्लॅस्टरमधून सुटला होता. माझ्याबरोबर ती पाखाडी चढत होती, टोपली नव्हती, तरी दर थोड्या पायऱ्यांवर थांबत होती.

"किती मोजलेस रे त्या दिवशी?" तिने विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. महिनाभर त्याचीच तयारी करत होतो.

"कशाला हवंय, आते?"

"सांग. आमचे किती, मला ठावं हाय. तुजा आकडा सांग."

ती माझ्याकडे बघत नव्हती, समुद्राकडे बघत होती. बरा झालेला हात दुसऱ्या हातात घट्ट धरलेला. मी सगळं आयुष्य आकडे गोल केले, वर ओढले, खाली ढकलले. कुणाला काही वाटलं नाही, मला तर नाहीच. त्या दिवशी एकच आकडा जसाच्या तसा माझ्या तोंडाशी आला होता.

"आते," मी म्हटलं, "तुम्ही पाध्यांचा गोठा पाहिलाय ना?"

"पाह्यलाय की. कालच गाय बसली होती."

"मग ज्याने गाईसाठी बसथांबा बांधला त्याच्या मोजणीवर काय भरवसा ठेवता? माझ्या हातून एक इकडेतिकडे होतोच. धंद्यात धरूनच चालतात."

"एक इकडंतिकडं?"

"हमखास. एखादा जास्तच पडतो. अंगठ्याला सवय झालीय, बारशातसुद्धा दाबतो."

ती थांबली. मग खुदकन हसली, तोंडाला पदर लावून, तरण्या मुलीसारखी. "मेल्या," म्हणाली, "तुला पगार कोण देत होतं?"

वर पोचलो. जेवणवेळ होत होती. घराघरांतून बायका बाहेर येऊन पायरीवर तांब्या ठेवत होत्या आणि न बोलता आत जात होत्या. आते मला ओटीवर बसवून आत गेली. मडक्यात पाणी बुडबुडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भरलेला तांब्या होता.

पायरीपाशी ती उभी राहिली. तिने खाली पाखाडीकडे पाहिलं, मग हातातल्या पाण्याकडे पाहिलं.

"घे," ती म्हणाली आणि तांब्या माझ्यापुढे धरला. "चढून आलास. पी."

मी प्यालो. पाणी गार होतं, गोडं होतं. तांब्या संपत आला तसा शेवटचा घोट जिभेला खारट लागला.

आते माझ्या तोंडाकडे बघत होती.

"गोड आहे हो पाणी," मी म्हटलं, आणि गिळलं.